बंबामागचं धुराडं

थंडीत सकाळी सहाला बादली घेऊन रांगेत उभा राहिलेला प्रत्येक होस्टेलवासी बंबखोली ओळखतो. पण तिच्या छपरावरच्या धुराड्याकडे कोण बघतं? मीही बघत नव्हतो. डिसेंबरात एकदा पाणी कोमट आलं म्हणून भांडायला गेलो, तर खोलीभर धूर आणि बंबवाले मामा दारात खोकत बसलेले. म्हणाले, "तुम्हाला पाणी कोमट, मला धूर कडक!" त्याच रविवारी मी मामांबरोबर धुराडं साफ केलं. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

आधी थोडी थिअरी. गरम वायू हलका, म्हणून वर चढतो. बाहेर 20 अंश, नळात 200 अंश आणि उंची 6 मीटर धरा. दाबातला फरक येतो साधारण 27 पास्कल, म्हणजे पाण्याचा स्तंभ तीन मिलिमीटरसुद्धा नाही! एवढ्याशा जोरावर सगळा धूर बाहेर जायचा. आमच्या विटांच्या धुराड्यात 150 मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा नळ आहे, त्याला लायनर म्हणतात. आतून सगळीकडे 10 मिलिमीटर थर बसला की वाट 25 टक्क्यांनी कमी. मग धूर खोलीत, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. त्याला ना रंग ना वास, म्हणून तो जास्त घातक.

थर बसतो कशानं? मामा ओली लाकडं घालत (मिळतच तशी होती) आणि लाकूड पुरावं म्हणून हवेचं दार जवळजवळ बंद ठेवत. आग नुसती धुमसायची. अर्धवट जळलेल्या धुरातल्या वाफा थंड नळावर, सुमारे 120 अंशांच्या खाली, डांबरासारख्या चिकटतात. हेच क्रिओसोट. ते स्वतःच इंधन आहे. नळात पेटलं तर तापमान 1000 अंशांवर जाऊ शकतं!

आता सफाई. आदल्या दिवसापासून बंब बंद, सगळं थंड. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, कारण काजळी कॅन्सरला कारणीभूत ठरते. लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांबद्दल हे 1775 मध्येच लिहून ठेवलंय. खालचं तोंड ओल्या गोणपाटानं बंद करायचं. छपरावर एकट्यानं चढायचं नाही. वरची टोपी काढून नळाच्या मापाचा नायलॉनचा ब्रश दांड्यावर खालपर्यंत फिरवायचा. साधा तारेचा ब्रश नको. त्याचे कण स्टेनलेसवर राहतात आणि तिथून गंज धरतो. शेवटी टॉर्च लावून भोकं, सुटलेले जोड आणि टोपीच्या जाळीत पक्ष्याचं घरटं आहे का ते बघायचं. थर 3 मिलिमीटर झाला की सफाईची वेळ झाली समजा. काचेसारखा चकाकणारा कडक थर ब्रशनं निघत नाही. तो जाळून काढायचा शहाणपणा करू नका, जाणकार माणूस बोलवा.

धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज आला तर आत आग लागली समजा. हवेचं दार घट्ट बंद करा, बाहेर पडा, 101 लावा. नळात पाणी ओतू नका.

आमची खरी चूक मात्र वेगळीच होती. सफाई व्हायची दिवाळीनंतर, बंब पेटवायच्या आधी. म्हणजे सीझन संपल्यावर काजळी अख्खा पावसाळा नळात ओल धरून बसायची. ओली काजळी आम्लधर्मी, ती पत्रा खाते. म्हणून सफाई मे महिन्याच्या सुट्टीआधीच हवी. लाकूडही तेव्हाच आणून, फोडून, शेडखाली रचून ठेवायचं.

आता लाकूड कोरडं असतं, दार उघडं असतं, पाणी कडक येतं. मामांचा खोकला पूर्ण गेला नाही, पण कमी झालाय. उद्या बादली भरताना एकदा मान वर करून बघा. धूर पातळ दिसला तर ठीक. काळा, दाट दिसला तर रांग सोडून आधी मामांना हाक मारा.