प्रेमाचा नकाशा

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये उमरावांची लग्नं घराणं, हुंडा आणि जमीनजुमला पाहून ठरत. मुलीच्या पसंतीला फारशी किंमत नसे. हे ध्यानात घेतलं, की त्या काळच्या पॅरिसमधल्या सलॉनचं, म्हणजे घरी भरणाऱ्या बैठकींचं, नाजूक, घोळून घोळून केलेलं संभाषण नुसता नखरा वाटत नाही. रांबुइये घराण्याच्या मार्कीजच्या निळ्या दालनात कवी आणि सरदार जमत, पण तिथे पारख स्त्रिया करत. १६५४मध्ये मादलेन द स्क्युदेरी यांच्या ‘क्लेली’ या कादंबरीत तर प्रेमाचा नकाशाच छापला गेला. नव्या मैत्रीपासून निघालेल्याला आदराच्या वाटेवर सुंदर कविता, प्रेमपत्र, प्रामाणिकपणा अशी गावं लागतात; निष्काळजीपणाकडे वळलेला अखेर उदासीनतेच्या तळ्याशी पोचतो. स्त्रीचं मन टप्प्याटप्प्यानेच जिंकावं लागतं आणि तिला नकाराचा हक्क आहे, हाच या नकाशाचा अर्थ.

नाटककार मोलिएर यांनी १६५९च्या प्रहसनात या रीतीची खिल्ली उडवली, हे खरं. पण त्यांच्या नायिका आहेत गावाकडून आलेल्या, थोरामोठ्यांची नक्कल करणाऱ्या मुली. नक्कल हास्यास्पद ठरली म्हणून मूळ रीत पोकळ ठरत नाही. ही चैन मूठभरांचीच होती, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. तरीही मार्कीजची मुलगी ज्युली हिने मोंतोझिए या सरदाराला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. १६४१मध्ये त्याने तिला कवितांची वही भेट दिली, पण लग्न झालं १६४५मध्ये. कायद्याने न दिलेला अवधी त्या स्त्रियांना शिष्टाचाराने मिळवून दिला.