गाणे आमचे, मालक कोण?

दि. २१ जानेवारी २०२५, मंगळवार. बेलापूर न्यायालयातील कामकाज आटोपून आम्ही ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने घणसोलीला निघालो होतो. नेरुळ स्थानक आले आणि फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. अंगावर चमचमते टी-शर्ट, गालांवर रंग, हातात मोबाइल. कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडचा डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा तो तिसरा कार्यक्रम होता. १८ आणि १९ जानेवारीला दोन झाले होते. पोलिसांनी जड वाहनांना बंदी केली, वाहतुकीचे रस्ते बदलले, अख्खे नवी मुंबई शहर तीन दिवस एका गाण्याच्या कार्यक्रमाच्या दिमतीला लागले.

आमच्या बॅगेत त्या दिवशी १०० रुपयांच्या एका स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. तुर्भ्यात राहणाऱ्या एका भीमगीतकाराने ती सकाळी आणून दिली होती. त्या कागदाकडे पुढे येतोच. आधी स्टेडियमचे पाहू.

आम्ही काही गाण्याचे वैरी नाही. आमच्या घरातही कोल्डप्ले वाजतो. २२ सप्टेंबर २०२४ रोजी तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा आमची कन्या सकाळपासून मोबाइल घेऊन बसली होती. रांगेतला तिचा क्रमांक लाखांत होता. "पप्पा, एवढी रांग तर ६ डिसेंबरला दादरलापण नसते," असे ती म्हणाली तेव्हा आम्हाला हसू आले. पण चैत्यभूमीच्या रांगेतल्या माणसाला शेवटी दर्शन मिळतेच. इथे सव्वा कोटीहून अधिक लोक तिकिटासाठी त्या संकेतस्थळावर आले, असे खुद्द बुकमायशो कंपनीनेच सांगितले. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटे पाहता पाहता संपली आणि थोड्याच वेळात दुसऱ्या संकेतस्थळांवर तीच तिकिटे लाखांच्या भावाने झळकू लागली. कन्येला तिकीट मिळाले नाही.

त्यानंतर या देशात काय काय हलले, ते वाचकांनी आठवून पाहावे. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तिकीट कंपनीच्या प्रमुखाला समन्स काढले. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, कोल्डप्ले आणि दिलजित दोसांझ यांच्या तिकिटांच्या काळ्या बाजारासंबंधात अनेक शहरांत छापे घातले. उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. तिकिटांच्या पुनर्विक्रीवर नियम करणे हा धोरणाचा प्रश्न आहे, असे त्यामागचे म्हणणे होते. निकालाबद्दल आमची तक्रार नाही, कायदेमंडळाचे काम कायदेमंडळाने करावे हे बरोबरच आहे. मात्र पस्तीस हजारांचे तिकीट न मिळालेल्या माणसाचे दुःख पोलीस, ईडी आणि उच्च न्यायालय या तिन्ही ठिकाणी अवघ्या चार महिन्यांत पोहोचते, याची आम्ही वकील म्हणून नोंद करून ठेवली आहे. ज्याने गाणे लिहिले त्याचे दुःख कोणत्या ठाण्यात नोंदवायचे?

या स्टेडियमला वादंग नवे नाहीत. १० मे २०१७ रोजी जस्टिन बीबर नावाचा कॅनडाचा पोरसवदा गायक येथेच आला होता. त्याला हॉटेलात काय काय लागते याच्या याद्या वर्तमानपत्रांनी चवीने छापल्या. कार्यक्रमात तो बराच वेळ नुसते ओठ हलवत होता, मागे ध्वनिमुद्रण वाजत होते, असा बोभाटा झाला. हजारो रुपये मोजलेली पोरे हिरमुसली आणि साहेब विमानात बसून निघून गेले. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन त्यामानाने सभ्य माणूस. ब्रिटनने या देशाशी केलेल्या वाईट गोष्टींबद्दल तुम्ही आम्हाला माफ केले, असे म्हणून त्याने मंचावरून आभार मानले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दीडशे-दोनशे वर्षांच्या राज्याबद्दल परका माणूस संकोचतो. इथल्या हजारो वर्षांच्या हिशेबाबद्दल कुणी मंचावर उभे राहून एक वाक्य बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. असो.

सत्ता आणि पॉप संगीताचे साटेलोटे समजून घ्यायचे तर १९९६ सालाकडे जावे लागते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते आणि कार्यक्रम शिवउद्योग सेनेसाठी होता. मराठी तरुणांना रोजगार देण्याकरिता निधी उभारायचा, असे कारण पुढे करून सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. २०११ मध्ये न्यायालयाने ती करमाफी रद्द केली आणि सरकारला फेरविचार करण्यास सांगितले. फेरविचाराला किती वर्षे लागावीत? जानेवारी २०२१ मध्ये, शिवसेनेचाच मुख्यमंत्री असलेल्या महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने करमाफी पुन्हा मंजूर केली. सुमारे ३ कोटी ३४ लाखांची जमा रक्कम आयोजक कंपनीला परत करण्याचा निर्णय झाला. तोवर जॅक्सनच्या निधनाला साडेअकरा वर्षे उलटली होती आणि करमणूक कर हा प्रकारच जीएसटीत विरून गेला होता.

जॅक्सनच्या कार्यक्रमानंतर सव्वाआठ महिन्यांनी, ११ जुलै १९९७ रोजी, त्याच युती सरकारच्या पोलिसांनी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार केला. दहा माणसे मेली. ते पाहून १५ जुलैला मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. एकाच वर्षाच्या आत एका गायकासाठी तिजोरीचे दार उघडले गेले आणि एका गायकाला जगणे नकोसे झाले. आम्ही त्या वेळी शिकत होतो. त्या जुलै महिन्यानेच आम्हाला काळा कोट घालायला लावले.

आता कुणी म्हणेल, परदेशी कलाकारांशी तुलना कशाला? ठीक आहे, आपल्याकडचेच पाहू. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे आले आणि यू-ट्यूबवर कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. त्यात श्रीलंकेच्या मळ्यांत राबलेल्या, तरीही भूमिहीन राहिलेल्या पूर्वजांची व्यथा आहे. ती आली अरिवु या आंबेडकरी रॅपरच्या आजीच्या तोंडून. शब्द अरिवुचे, आवाज अरिवु आणि धी या गायिकेचा. ऑगस्ट २०२१ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या भारतीय आवृत्तीने मुखपृष्ठ काढले तेव्हा त्यावर धी होती, आणखी एक गायक होता, अरिवु मात्र नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला, तेव्हा कुठे मासिकाने अरिवुचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडचे उद्‌घाटन झाले, तेथेही हे गाणे अरिवुशिवाय सादर झाले. मग मार्च २०२४ मध्ये या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनीच जाहीर केले की, या गाण्यातून आजवर कुणालाच काही मिळाले नाही.

आम्ही या वादाचे दोन भाग करतो. मुखपृष्ठावरून अरिवुचा चेहरा वगळला जाणे हा जातीच्या नजरेचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपले लोक त्वेषाने बोलले. पण पैसा कुणालाच न मिळणे हा कागदाचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपण बोलत नाही. अपमान आपल्याला लगेच कळतो, करारनामा कळत नाही.

भीमगीतांचा इतिहास पाहा. भीमराव कर्डकांच्या जलशांचे बाबासाहेबांनी कौतुक केले. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली आणि गायली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज तर विठ्ठलाच्या भक्तांनाही हवा होता आणि भीमाच्या लेकरांनाही. २००४ साली हे दोघेही महिनाभराच्या अंतराने गेले. कॅसेटचा जमाना आला तेव्हा कंपन्यांच्या लक्षात आले की, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखांना हमखास गिऱ्हाईक असते. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर कॅसेटचे ढीग लागले आणि संपले. पुढे सीडी आल्या, मग कॉलर ट्यून आल्या, मग यू-ट्यूब. प्रत्येक वेळी वस्तू बदलली आणि कंपनीला पुन्हा नव्याने पैसे मिळाले. गीतकाराला मात्र एकदाच, तेही पाकिटात. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून एका बौद्ध तरुणाचा जीव घेण्यात आला. ज्या गाण्यासाठी ऐकणाऱ्याला प्राण द्यावे लागले, त्या गाण्याच्या लिहिणाऱ्याला त्या रिंगटोनचे किती पैसे मिळतात, हे विचारायला नको का?

दोष केवळ कंपन्यांचाही नाही. आपली जयंती मंडळे डीजेच्या भिंतीला हजारो रुपये मुकाट्याने मोजतात आणि गायन पार्टीच्या मानधनात पाचशे रुपयांची घासाघीस करतात. बॅनरवर नगरसेवकाचा फोटो दोन फुटांचा असतो, गीतकाराचे नाव कोपऱ्यातही नसते. गाणे कुणाचे, असे विचारले तर गायकाचे नाव सांगतात. लिहिले कुणी, याचे उत्तर व्यासपीठावर क्वचितच कुणाला देता येते. हे आम्ही आमच्याच लोकांना ऐकवतो, कारण आम्हीही अशा मंडळाचे सचिव होतो आणि आम्हीही घासाघीस केली आहे.

आता तो स्टॅम्पपेपर. आमच्या या पक्षकाराने २०१४ साली एका कंपनीला आठ गाणी दिली. मिळाले तीन हजार रुपये. कागदावर एवढेच लिहिले आहे की, सदर गीतांचे सर्व हक्क कंपनीस दिले असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. खाली त्यांची सही. मुदत लिहिलेली नाही. दहा वर्षांनी त्यांच्या मुलाने बापाला हार्मोनियम घेऊन घरात बसवले, त्यातलेच एक गाणे मोबाइलवर नव्याने चित्रित केले आणि यू-ट्यूबवर टाकले. दोन दिवसांत कंपनीचा कॉपीराइटचा दावा आला. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचा गळा, आणि जाहिरातीचे पैसे कंपनीच्या खात्यात. "वकीलसाहेब, मी माझंच गाणं चोरलं म्हणे," असे ते म्हणाले. त्यांना वाटत होते, सही केली म्हणजे विषय संपला.

विषय संपलेला नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण २०१२ च्या दुरुस्तीने त्यात मोठा बदल झाला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी भांडण मांडले, म्हणून लोकांना वाटते की हा सिनेमावाल्यांचा कायदा आहे. प्रत्यक्षात तो तुर्भ्याच्या गीतकारालाही तितकाच लागू आहे. २१ जून २०१२ पासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला तो देता येतो, कंपनीला सोडून देता येत नाही. 'यापुढे माझी मागणी नाही' हे वाक्य रॉयल्टीपुरते कागदावरची शाई आहे. दुसरे, कलम १९ नुसार हक्क देण्याचा करार लेखी हवा आणि त्यात मोबदला व रॉयल्टी नमूद हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणजे २०१४ चा कागद २०१९ लाच संपला. कंपनीने केलेले जुने ध्वनिमुद्रण कंपनीचे, ते कुणी उचलू नये. परंतु गाण्याचे शब्द आणि चाल आमच्या पक्षकाराकडे परत आलेली होती. पाच वर्षे ते आपल्याच गाण्याचे मालक होते आणि त्यांना ठाऊक नव्हते.

ज्यांच्या पेटीत असे कागद असतील त्यांनी ते फेकू नयेत. २०१२ च्या आधीचे कागद असतील तर प्रकरण अधिक कठीण आहे, तरी मुदत लिहिली आहे की नाही ते आधी पाहावे. दावा लावायला कंपनीच्या गावी जावे लागत नाही. कलम ६२ प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या न्यायालयात तो दाखल करता येतो. आणि वकिलाच्या फीची भीती वाटत असेल, तर अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, मग ती बौद्ध असली तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवी मुंबईकरांसाठी हे प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. नवीन सही करणाऱ्या पोरांनी तर सहीच्या आधी कागद घरी आणावा. जो घरी नेऊ देत नाही, त्याच्या कागदावर सही करू नये. आज आपल्या वस्त्यांतली मुले रॅप करतात, मोबाइलवरच ध्वनिमुद्रण करतात, त्यांच्याकडे कंपन्यांचे लोक आता प्रत्यक्ष येतही नाहीत. स्क्रीनवर इंग्रजीत पन्नास पाने येतात आणि खाली 'मान्य' असे बटण असते. तीही सहीच आहे.

आम्ही पक्षकाराच्या मुलाला यू-ट्यूबवर आक्षेप नोंदवायला सांगितले, सोबत कलम १९ चा उल्लेख करून चार ओळी लिहून दिल्या. कंपनीला रॉयल्टीच्या हिशेबासाठी वेगळी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. महिनाभराच्या आत गाण्यावरचा दावा मागे घेतला गेला. नोटिशीला उत्तर नाही. १४ एप्रिलला तुर्भ्यात ते गाणे त्यांनी स्टेजवर गायले. सूत्रसंचालकाने गायकाचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी माइक हातात घेऊन, "लिहिलंयपण मीच," एवढे सांगितले आणि पेटीवाल्याला सूर धरायला लावला.