विश्लेषण : डेटा सेंटरच्या स्विचमध्ये प्रकाश थेट चिपच्या शेजारी का आणला जातो आहे?

‘एआय’साठी लागणाऱ्या विजेची चर्चा बहुतेक वेळा प्रोसेसरभोवतीच फिरते. पण हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडणारे नेटवर्कही भरपूर वीज खाते. त्यातला मोठा वाटा विजेच्या सिग्नलचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करण्यात जातो. हे रूपांतर स्विचच्या दर्शनी बाजूऐवजी चिपला खेटून करण्याचे ‘को-पॅकेज्ड ऑप्टिक्स’ म्हणजेच ‘सीपीओ’ तंत्र आता प्रयोगशाळेतून बाजारात आले आहे. त्याने वीज किती वाचते आणि बदल्यात काय सोडावे लागते, याविषयी...

स्विचवरचा भार किती वाढला?

डेटा सेंटरमधला स्विच म्हणजे डेटाचा चौक. एका सर्व्हरकडून आलेले डेटाचे पाकीट, म्हणजे पॅकेट, कोणत्या पोर्टने बाहेर पाठवायचे हे त्यातली चिप ठरवते. २०१० च्या सुमारास अशा एका चिपची क्षमता सेकंदाला ६४० गिगाबिट होती. २०२२ मध्ये ब्रॉडकॉमच्या ‘टोमाहॉक ५’ या चिपने ५१.२ टेराबिटचा टप्पा गाठला. म्हणजे १२ वर्षांत ८० पट वाढ. २०२५ मधील ‘टोमाहॉक ६’ची क्षमता त्याच्याही दुप्पट, १०२.४ टेराबिट आहे.

क्षमतेसोबत विजेची भूकही वाढली. सिस्कोने मांडलेल्या हिशेबानुसार याच १२ वर्षांत स्विचचा एकूण वीजवापर २२ पट झाला. पण ही वाढ सर्व भागांत सारखी नव्हती. चिपच्या गाभ्याचा, म्हणजे निर्णय घेणाऱ्या भागाचा वापर सुमारे ८ पट वाढला, तर प्रकाशाचे काम करणाऱ्या ऑप्टिक्सचा २६ पट. थोडक्यात, विचार करण्यापेक्षा निरोप पोहोचवणे महाग झाले.

सध्याच्या रचनेत अडचण कुठे?

काही मीटरच्या पुढे इतक्या वेगाने डेटा न्यायचा तर फायबरला पर्याय नाही. पण चिपला प्रकाश कळत नाही, तिला वीजच लागते. त्यामुळे मध्ये दुभाष्या हवा. तो म्हणजे ट्रान्सीव्हर. बोटाएवढ्या लांबीचे हे मॉड्यूल स्विचच्या दर्शनी बाजूच्या खाचेत बसवले जाते, म्हणून त्याला ‘प्लगेबल’ म्हणतात. त्यात लेझर, प्रकाशावर डेटा चढवणारा मॉड्युलेटर, प्रकाश ओळखणारा डिटेक्टर आणि सिग्नल स्वच्छ करणारी डीएसपी नावाची चिप असते.

खरी अडचण आहे ती मुख्य चिप आणि या मॉड्यूलमधल्या वीतभर अंतराची. हे अंतर सिग्नल सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांतून कापतो. वेग वाढतो तसे तांबे सिग्नल अधिकाधिक गिळते. एका मार्गिकेवर सेकंदाला २०० गिगाबिट वेग असताना चिपपासून प्लगेबलपर्यंत सुमारे २२ डेसिबल घट होते, असे एनव्हिडियाचे म्हणणे आहे. डेसिबलचे गणित सोपे करायचे तर सिग्नलची शक्ती जवळपास १५० पटींनी कमी होते. मग हा क्षीण सिग्नल वाचण्याजोगा करण्यासाठी चिपमध्येही वीज खर्च होते आणि मॉड्यूलमधल्या डीएसपीमध्येही.

मालगाडीने शेकडो किलोमीटर आलेला माल यार्डापासून गोदामापर्यंत डोक्यावरून वाहावा आणि त्या शेवटच्या टप्प्याची हमालीच सर्वात जड व्हावी, तसा हा प्रकार आहे.

‘सीपीओ’ काय बदलते?

रूळ थेट गोदामाच्या दारात आणते. ऑप्टिकल इंजिन नावाच्या छोट्या चिप मुख्य स्विच चिपच्या भोवती, एकाच पॅकेजवर बसवल्या जातात. विजेच्या सिग्नलला वीतभर नव्हे, तर काही मिलिमीटरच प्रवास करावा लागतो. एनव्हिडियाच्या आकड्यांनुसार घट २२ वरून ४ डेसिबलवर येते, म्हणजे १५० ऐवजी जेमतेम अडीच पट. पॅकेजमधून थेट फायबर बाहेर पडते. मधल्या डीएसपीची गरज उरत नाही.

हे शक्य झाले सिलिकॉन फोटोनिक्समुळे. ज्या पद्धतीने संगणकाच्या चिप घडवतात, जवळपास त्याच पद्धतीने प्रकाशासाठी सूक्ष्म वाटा सिलिकॉनवर कोरल्या जातात. एनव्हिडियाच्या रचनेत या वाटेशेजारी केसाच्या जाडीपेक्षाही लहान कडी असते, तिला मायक्रोरिंग म्हणतात. कडीवर विजेचा दाब बदलला की प्रकाश पुढे जातो किंवा अडतो. हेच झाले डिजिटल १ आणि ०. प्रत्यक्षात प्रकाशाच्या दोनऐवजी चार पातळ्या वापरून एका वेळी दोन बिट पाठवले जातात.

ब्रॉडकॉमने मार्च २०२४ मध्ये ‘बेली’ हा ५१.२ टेराबिटचा सीपीओ स्विच ग्राहकांना देण्यास सुरुवात केली. त्यात मुख्य चिपभोवती ६.४ टेराबिटची ८ ऑप्टिकल इंजिने आहेत. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने तैवानच्या टीएसएमसीच्या तंत्रावर आधारलेले दोन प्रकारचे सीपीओ स्विच जाहीर केले. त्यातल्या ‘क्वांटम-एक्स फोटोनिक्स’मध्ये ८०० गिगाबिटचे १४४ पोर्ट आहेत.

वीज किती वाचते?

एनव्हिडियाच्या दाव्यानुसार १.६ टेराबिटच्या एका जोडणीसाठी प्लगेबल सुमारे ३० वॅट घेतो, सीपीओमध्ये हा आकडा ९ वॅटपर्यंत येतो. घरातल्या एलईडी दिव्याएवढा हा फरक किरकोळ वाटेल. पण तो गुणाकारात मोठा होतो. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी याच कार्यक्रमात मांडलेला हिशेब असा : एका जीपीयूमागे नेटवर्कमध्ये असे ६ ट्रान्सीव्हर लागतात, म्हणजे १८० वॅट. १० लाख जीपीयूंच्या केंद्रात फक्त ट्रान्सीव्हरवर १८० मेगावॅट. आकडेमोड होण्याआधीच एवढी वीज गेली.

मात्र ही सगळी वीज सीपीओ वाचवू शकत नाही. या पिढीत बदल स्विचच्या टोकाला झाला आहे, सर्व्हरच्या टोकाला अजून प्लगेबलच आहेत. शिवाय हे आकडे विक्रेत्या कंपनीचे आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवे.

मग सगळेच प्रकाशाने का नाही?

कारण प्रकाश धावण्यात पटाईत आहे, थांबण्यात नाही. दोन पॅकेट एकाच पोर्टकडे निघाली तर एकाला क्षणभर थांबवावे लागते. विजेच्या चिपमध्ये त्यासाठी मेमरी असते. प्रकाश साठवणारी तशी सोयीची मेमरी नाही. त्याला एक मायक्रोसेकंद रोखायचे तर २०० मीटर फायबरच्या वेटोळ्यातून फिरवावे लागेल. पॅकेटवरचा पत्ता वाचणे आणि रांग लावणे ही कामेही विजेचीच.

प्रकाशाचा प्रकाशच ठेवून वाट बदलणारे स्विचही आहेत. गूगल आपल्या डेटा सेंटरमध्ये सूक्ष्म आरशांचे असे १३६ पोर्टचे स्विच वापरते. आरसा कलला की प्रकाश दुसऱ्या फायबरमध्ये शिरतो. ४०९६ चिपच्या ‘टीपीयू व्ही४’ महासंगणकात या स्विचसह ऑप्टिकल भागांचा वीजवापर एकूण वापराच्या ३ टक्क्यांहून कमी असल्याचे गूगलने २०२३ मधील शोधनिबंधात नमूद केले. पण आरसा वळायला मिलिसेकंद लागतात. ८०० गिगाबिटच्या वेगाने १५०० बाइटचे पॅकेट जायला फक्त १५ नॅनोसेकंद. तेवढ्यात लाखभर पॅकेट निघून जातील. त्यामुळे हे आरसे दीर्घकाळ टिकणाऱ्या जोडण्यांसाठी उत्तम, पॅकेटगणिक निर्णयासाठी नाहीत. म्हणूनच वीज आणि प्रकाश एकत्र नांदवणे भाग आहे. प्रश्न फक्त दोघांमधली सीमा कुठे आखायची, हा आहे.

सीमा आत सरकवण्याचा तोटा काय?

पहिला मुद्दा दुरुस्तीचा. प्लगेबल बिघडला तर तंत्रज्ञ तो उपसून दोन मिनिटांत दुसरा बसवतो. ऑप्टिकल इंजिन मुख्य चिपच्या पॅकेजवरच असेल, तर एका इंजिनासाठी अख्खा स्विच बाजूला काढण्याची वेळ येऊ शकते. प्लगेबल वेगवेगळ्या कंपन्यांचे घेता येतात, त्यामुळे भावात घासाघीस करता येते. सीपीओमध्ये चिप आणि ऑप्टिक्स एकाच विक्रेत्याकडून येतात. खरेदीदाराच्या हातातली ती दोरी सुटते.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. सिलिकॉनपासून व्यवहार्य लेझर बनत नाही, त्यासाठी इंडियम फॉस्फाइडसारखे पदार्थ लागतात. लेझरला उष्णता मानवत नाही आणि शेजारची स्विच चिप तर भट्टीसारखी तापते. यावर तोडगा म्हणून लेझर वेगळे काढून दर्शनी बाजूच्या बदलता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवले जातात आणि त्यांचा प्रकाश फायबरने आत नेला जातो. सर्वाधिक बिघडणारा घटक त्यामुळे हाताशी राहतो. मायक्रोरिंगही तापमानाला हळवी असते, तिला सतत जुळवून घ्यावे लागते.

विश्वासार्हतेचे पुरावे आता कुठे येऊ लागले आहेत. मेटाच्या चाचणीत ‘बेली’ने ४०० गिगाबिट पोर्टच्या हिशेबाने १० लाख तास एकदाही जोडणी न डळमळता पूर्ण केल्याचे ब्रॉडकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. हे पोर्टचे एकत्रित तास आहेत. एका ‘बेली’त असे १२८ पोर्ट धरले, तर एका स्विचच्या सुमारे ३२६ दिवसांएवढे ते भरतात. सुरुवात आश्वासक आहे, पण पाच-सहा वर्षे चालणाऱ्या यंत्रासाठी हा कालावधी छोटाच.

तांबे आणि प्लगेबल संपणार का?

इतक्यात नाही. एका रॅकच्या आत तांबे अजून सरस आहे. एनव्हिडियाच्या ७२ जीपीयूंच्या ‘एनव्हीएल७२’ रॅकमध्ये ५ हजारांहून अधिक तांब्याच्या केबल आहेत. तिथे ऑप्टिक्स वापरले असते तर २० किलोवॅट जास्त लागले असते, असे हुआंग यांनी २०२४ मध्ये सांगितले होते. प्लगेबल बनवणाऱ्यांनीही मधली वाट काढली आहे. मॉड्यूलमधली डीएसपी काढून टाकायची आणि सिग्नल सुधारण्याचे काम मुख्य चिपवर सोपवायचे. याला ‘लिनिअर प्लगेबल’ म्हणतात. वीज वाचते, बदलण्याची सोयही राहते. मात्र तांब्याचा वीतभर प्रवास तसाच राहतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की ही वाट अरुंद होत जाते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यासह मुंबई महानगर परिसर हे देशातील सर्वात मोठे डेटा सेंटर केंद्र आहे. इथे उपकरणात वाचलेला प्रत्येक वॅट दोनदा वाचतो, कारण तो थंड करायलाही वीज लागते. पण एनव्हिडियाचा ‘क्वांटम-एक्स फोटोनिक्स’ द्रवरूप शीतकरणावर चालतो. केवळ थंड हवेवर चालणाऱ्या सभागृहात तो आणायचा तर आधी नळजोडणी करावी लागेल. म्हणजे वीजबिल कमी होण्यापूर्वी इमारतीवर खर्च करावा लागेल. नव्याने उभ्या राहणाऱ्या केंद्रांना हा निर्णय बांधकामाच्या आराखड्यातच घ्यावा लागणार आहे.