पेनड्राईव्ह लावला... आणि चक्क उघडला!

लिनक्स म्हटलं की निम्म्या ऑफिसच्या डोळ्यांसमोर अजूनही तेच चित्र येतं. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं आणि समोर बसलेला एक दाढीवाला इसम! पण मंडळी, चित्र कधीच बदललंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्यांचे जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, त्यांच्यातल्या काहींनी 'नवा घेण्यापेक्षा हे तरी बघू' म्हणत उबुंटू नाहीतर मिंट टाकलं. माझ्या ओळखीतच असे तिघं आहेत. एक सीए, एक कॉपीरायटर आणि व्हिडिओ एडिटिंग करणारी माझी एक मैत्रीण. तिघांनीही पहिल्याच दिवशी मला जवळपास एकच वाक्य ऐकवलं, "अगं, पेनड्राईव्ह लावला तर चक्क उघडला!"

त्यात काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. पण या 'चक्क'मागे बरीच वर्षं गेली आहेत, बॉस.

युनिक्सच्या घराण्यात सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह ही भानगडच नाही. सगळ्या फाइल्सचं मिळून एकच झाड. नवी डिस्क आली की तिला त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम करायचं. यालाच म्हणतात माउंट करणं. हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे. त्या जमान्यात डिस्क पॅक म्हणजे दोन हातांनी उचलायची वस्तू, आणि ऑपरेटर ती मशीनवर चढवायचा. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ही कमांड आहे. तिची उलटी कमांडही आहे, फक्त तिच्या स्पेलिंगमधला एक 'एन' तेव्हापासून आजतागायत गायब आहे!

सर्व्हर रूममध्ये हे ठीक होतं. घरी मात्र वैताग. फ्लॉपी घातली, द्या कमांड. सीडी घातली, द्या कमांड. तीही बहुतेकदा रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या मालकाचा पासवर्ड टाकून. सीडी अनमाउंट केली नाही तर बटण दाबूनही ट्रे बाहेर यायचा नाही. मँड्रेक लिनक्समध्ये 'सुपरमाउंट' नावाचा एक जुगाड होता खरा, पण २००० साली पेनड्राईव्ह बाजारात आले आणि जुगाडांची हद्द संपली. कधीही लावायची आणि कधीही उपटायची वस्तू, तीही वेगवेगळ्या कंपन्यांची!

२००३ मध्ये रेड हॅटच्या हॅवॉक पेनिंग्टनने एक निबंध लिहिला. विषय साधा होता: हार्डवेअर लावलं की ते चाललं पाहिजे, बस्स. त्यातून डेव्हिड झॉयथेनचं 'हॅल' आलं. २००४ मध्ये रॉबर्ट लव्हने 'प्रोजेक्ट युटोपिया' या झकास नावाखाली सगळे तुकडे जोडायला घेतले. पुढे हॅलचा पसारा फार वाढला आणि २०१० च्या आसपास तो बाजूला करून त्याच झॉयथेनने नवी घडी बसवली, 'यूडिस्क्स'. थोड्याफार फरकाने तीच आज तुमच्या लॅपटॉपवर आहे.

फंडा असा. तुम्ही पेनड्राईव्ह खुपसता. कर्नलला चाहूल लागते. मग 'यूडेव्ह' त्याची चौकशी करतो: नाव काय, आयडी काय, आत कुठली फाइल सिस्टिम आहे. ही माहिती यूडिस्क्सकडे जाते. तुमचा डेस्कटॉप म्हणतो, 'माउंट कर'. यूडिस्क्स लगेच करत नाही, तो आधी 'पोलकिट' नावाच्या वॉचमनला विचारतो. आणि वॉचमनचा प्रश्न मला जाम आवडला: हा माणूस खरंच या मशीनसमोर बसलाय का? बसला असेल तर पासवर्डशिवाय एंट्री. दुसऱ्या शहरातून नेटवरून लॉगिन केलं असेल तर दाखवा ॲडमिनचा पासवर्ड! लॅपटॉपच्या आतली दुसरी हार्ड डिस्क उघडताना तो पासवर्ड का मागतो, त्याचं उत्तरही हेच. ती वस्तू बाहेरून आलेली नाही, ती घरची आहे.

सगळं एका सेकंदात होतं आणि म्हणूनच घात होतो.

माझ्या त्या एडिटर मैत्रिणीने गेल्या सीझनला एका लग्नाचं काम घेतलं होतं. कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या क्लिप्स लॅपटॉपमधून थेट पेनड्राईव्हवर हलवल्या. कॉपी नाही, कट-पेस्ट. हिरवी पट्टी पूर्ण भरली, रिक्षा खाली उभी, हिने पेनड्राईव्ह उपटला आणि निघाली. क्लायंटकडे उघडला तर शेवटच्या तीन फाइल्स शून्य बाइट्सच्या! कार्डावरून त्या आधीच पुसल्या गेलेल्या. नशीब एवढंच, की कार्डावर पुढचं शूटिंग झालं नव्हतं. 'फोटोरेक' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने रात्रभर खरवडून एक क्लिप परत मिळाली. मेंदीच्या दोन मिळाल्या नाहीत त्या नाहीतच. नवरीच्या आजीचं गाणं त्यातल्याच एकीत होतं.

"पट्टी भरली होती रे, मी स्वतः बघितलं," ती आमच्या लिनक्सवाल्या मित्राला सांगत होती.

"अगं, पट्टी मेमरीपुरती भरली होती," तो म्हणाला. "पेनड्राईव्हपर्यंत माल पोचलाच नव्हता."

मुद्दा नेमका हाच आहे. लिनक्स सगळं लगेच पेनड्राईव्हवर लिहीत नाही, आधी रॅममध्ये साठवतं आणि मागून सावकाश उतरवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये मोकळ्या मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत असा माल तुंबू शकतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जीबीभर सहज. स्वस्तातला पेनड्राईव्ह सेकंदाला दहा एमबी लिहितो असं धरलं, तर पट्टी भरल्यावरही दीड मिनिटाहून जास्त काम बाकी! इजेक्ट दाबलं की हा सगळा माल आधी खाली उतरतो, म्हणून तर ते इतका वेळ घेतं. विंडोजने बाहेरच्या ड्राईव्हसाठी 'झटपट काढा' ही पद्धत ठेवली आहे, त्यामुळे तिकडून आलेल्यांच्या हाताला उपटायची सवय असते. मैत्रिणीचा हात तिकडचाच.

मग थेटच का लिहीत नाही? तेही करून झालंय. २००५ मध्ये कर्नल २.६.१२ आलं, तेव्हा 'सिंक' पर्याय लावलेल्या फॅट पेनड्राईव्हवर प्रत्येक छोट्या तुकड्यामागे तोच एक तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जाऊ लागला. वेग पार बसला आणि फ्लॅश मेमरी झिजायला लागली ती वेगळीच. तेव्हा ती साठवण्याची खोड तशी शहाणपणाची आहे. माझी तक्रार त्या पट्टीबद्दल आहे. काम झालं नसताना 'झालं' सांगणारी पट्टी हा डिझाइनचा दोषच, त्यात वापरणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

इजेक्ट करताना 'ड्राईव्ह बिझी' आलं तर चिडू नका. एखादी फाइल उघडी असते, नाहीतर टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये ठाण मांडून बसलेलं असतं. आणि विंडोजमधून आलेला एनटीएफएस ड्राईव्ह फक्त वाचता येत असेल, तर बहुधा तिकडे 'फास्ट स्टार्टअप' चालू होतं. विंडोज तेव्हा पूर्ण बंद होत नाही, डुलकी काढतं, आणि झोपलेल्याच्या खिशात लिनक्स हात घालत नाही.

आता थोडं भीतीचं. पेनड्राईव्ह लावताच प्रोग्रॅम सुरू होणं हे विंडोजला फार महागात पडलं. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर तसाही पसरला आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टला जुन्या विंडोजवर यूएसबीचा ऑटोरन बंद करणारा अपडेट द्यावा लागला. लिनक्सवाले तेव्हा हसत होते. त्याच वर्षी आयबीएमच्या जॉन लॅरिमरने श्मूकॉन परिषदेत लिनक्सचीही हवा काढली. लॉक केलेल्या लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावला, तो आपोआप माउंट झाला, फाइल मॅनेजर आतल्या फाइलचं छोटं चित्र बनवायला गेला आणि त्या प्रोग्रॅममधल्या भोकातून लॉक उघडलं! ना क्लिक, ना पासवर्ड. आता ग्नोममध्ये स्क्रीन लॉक असताना पेनड्राईव्ह आपोआप माउंट होत नाही.

केडीई वापरणारे आणखी सावध. तिथे मुळातच नुसती सूचना येते, उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. ग्नोमवाल्यांना तसंच हवं असेल तर 'डीकॉन्फ एडिटर'मध्ये मीडिया हँडलिंगखाली 'ऑटोमाउंट' नावाचा खटका आहे, तो बंद करायचा. ऑफिसात झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले पेनड्राईव्ह हातोहात येत असतील, तर मी तो बंदच ठेवेन. उघडायला एक क्लिक जास्त लागेल, एवढंच.