मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शैक्षणिक प्रगतीची अट : परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या देशातील उच्च शिक्षणाच्या प्रसाराचा एक प्रमुख आधार ठरली आहे. परभणी जिल्ह्यातील नऊही तालुक्यांत या आधारावर पदवीपर्यंत पोहोचणारा विद्यार्थी आढळतो. कोरडवाहू शेती, शेतमजुरी आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून होणारे ऊसतोडीचे स्थलांतर या पार्श्वभूमीवर शिष्यवृत्तीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची चर्चा पुष्कळ होते. दुसरीकडे मात्र प्राध्यापकवर्गाचे पुरेसे लक्ष जात नाही.

उद्दिष्टे :

१) शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी असलेल्या शैक्षणिक प्रगतीच्या अटी स्पष्ट करणे.
२) या अटींचा ग्रामीण विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम तपासणे.
३) प्राध्यापक व महाविद्यालयाची भूमिका विशद करणे.

प्रगतीच्या अटींचे स्वरूप :

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की ती अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत चालू राहावी, हे मूळ तत्त्व आहे. मात्र त्यासाठी चांगली वर्तणूक, नियमित उपस्थिती आणि वरच्या वर्गात बढती या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. २०१० च्या सुधारित केंद्रीय नियमावलीनुसार पहिल्या गटातील, म्हणजे प्रामुख्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, विद्यार्थी प्रथमच अनुत्तीर्ण झाल्यास शिष्यवृत्तीचे नूतनीकरण होऊ शकते. दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च त्याने स्वतः सोसावयाचा असतो.

महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ठरविलेली पद्धती याहून उदार आहे. पहिल्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास परीक्षा शुल्क व निर्वाह भत्ता हे दोन्ही मिळतात. दुसऱ्यांदा केवळ परीक्षा शुल्क मिळते. तिसऱ्यांदा दोन्ही बंद होतात. राज्याबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र केंद्राचे नियम लागू होतात. परभणीहून हैदराबादला शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक प्रवेशापूर्वीच सांगितला पाहिजे.

इतर योजनांचे निकष वेगळे आहेत. महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणास किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत मागील सत्रातील किमान ५० टक्के उपस्थिती अपेक्षित असून अभ्यासक्रमात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. तात्पर्य, एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना प्रगतीचे दोन वेगळे मापदंड लागू असू शकतात.

दुर्लक्षित तरतुदी :

पहिली तरतूद एटीकेटीसंबंधी आहे. विद्यापीठाच्या नियमानुसार विद्यार्थ्याला काही विषय राहूनही वरच्या वर्गात प्रवेश मिळत असेल, तर त्या वरच्या वर्गासाठी तो शिष्यवृत्तीस पात्र असतो. विषय राहिला म्हणजे शिष्यवृत्ती गेली, हा समज चुकीचा आहे. या समजापोटी विद्यार्थी नूतनीकरणाचा अर्जच भरत नाही आणि नियमाने न गेलेला हक्क अज्ञानाने जातो.

दुसरी तरतूद आजारपणाची आहे. आजार किंवा अन्य अकल्पित कारणाने वार्षिक परीक्षेस बसता आले नाही, तर वैद्यकीय प्रमाणपत्र वा अन्य पुराव्याच्या आधारे नूतनीकरण होऊ शकते. त्यासाठी विद्यार्थी परीक्षेस बसला असता तर उत्तीर्ण झाला असता, असे संस्थाप्रमुखाने प्रमाणित करावे लागते. हे प्रमाणपत्र वर्गशिक्षकाच्या नोंदींवाचून देता येणार नाही. अंतर्गत मूल्यमापन, चाचण्या व हजेरीपट यांचे मोल येथे कळते.

तिसरी बाब अभ्यासक्रमांच्या क्रमाची आहे. राज्याच्या नियमानुसार बी.ए., एम.ए. व त्यानंतर बी.एड. हा क्रम मान्य आहे, परंतु बी.ए. नंतर बी.एड. करून पुन्हा एम.ए. ला प्रवेश घेतल्यास शिष्यवृत्ती मिळत नाही, कारण व्यावसायिकाकडून अव्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जाणे नियमात बसत नाही. शिक्षक होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे बी.ए. च्या तिसऱ्या वर्षीच समजणे अगत्याचे आहे.

स्थानिक परिस्थिती व नियमांतील अंतर :

२०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बी.ए., बी.कॉम. सारख्या पदवी अभ्यासक्रमातील घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाला ३,००० रुपये व वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये निर्वाह भत्ता निश्चित केला आहे. ही रक्कम मोठी नाही. पण जिंतूर वा पालमच्या खेड्यातून रोज एस.टी. ने येणाऱ्या मुलीचे शिक्षण चालू राहणे वा न राहणे तेवढ्यावरही ठरू शकते.

हिवाळी सत्राच्या परीक्षा, कापूस वेचणी व ऊसतोडीचा हंगाम साधारणतः एकाच काळात येतात. वेचणीसाठी घरी थांबलेला किंवा आईवडिलांसोबत फडावर गेलेला विद्यार्थी परीक्षेला मुकतो. परंतु दरवर्षी होणारे स्थलांतर हे अकल्पित कारण ठरत नाही. त्यामुळे आजारपणाची सवलत त्याच्या उपयोगी पडत नाही. दुष्काळ जाहीर झाल्यास परीक्षा शुल्क माफ होते, प्रगतीची अट मात्र तशीच राहते.

अमेरिकेत विद्यार्थ्याचे साहाय्य चालू राहण्यासाठी समाधानकारक गुण व ठरलेल्या गतीने पूर्ण केलेले श्रेयांक पाहिले जातात आणि पदवी नियोजित कालावधीच्या दीडपट मुदतीत पूर्ण करावी लागते. अट मोडल्यास विद्यार्थ्याला अपिलाची संधी देणे तेथील संस्थांना शक्य असते. आप्ताचा मृत्यू, आजार वा विशेष परिस्थिती ही कारणे ग्राह्य धरली जातात. आपल्याकडे संस्थाप्रमुखाच्या प्रमाणपत्रात या विचाराचे बीज आहे. ते विस्तारण्याची गरज आहे.

उपाययोजना :

१) निकाल लागताच प्रत्येक विभागाने अनुत्तीर्ण व एटीकेटी शिष्यवृत्तीधारकांची स्वतंत्र यादी करावी.
२) महाडीबीटी संकेतस्थळावरील नूतनीकरणाचा अर्ज अशा विद्यार्थ्यांकडून प्राध्यापकांनी समक्ष भरून घ्यावा.
३) आजारपणाची नोंद व कागदपत्रे परीक्षेच्या काळातच जमा करावीत.
४) स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांना हंगामापूर्वी वसतिगृहात सामावून घ्यावे.
५) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार श्रेयांक पद्धती रुजत असताना ‘अनुत्तीर्ण’ या शब्दाचा शिष्यवृत्तीच्या नियमांतील अर्थ स्पष्ट करण्याची मागणी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामार्फत शासनाकडे करावी.

निष्कर्ष :

प्रगतीची अट मुळात अन्यायकारक नाही. सार्वजनिक निधीचा विनियोग अभ्यासासाठीच व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु अट पाळता न येण्याची कारणे विद्यार्थ्याच्या आळसात आहेत की त्याच्या घरच्या हंगामात, हे संगणकाला कळत नाही. ते वर्गात शिकविणाऱ्यालाच कळते. म्हणून शिष्यवृत्तीचे काम केवळ कार्यालयीन लिपिकाचे न मानता अध्यापनाचाच एक भाग मानणे, हे परभणीसारख्या जिल्ह्यातील प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.