सॉफ्टवेअर रेडमधील राइट-इंटेंट बिटमॅप : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
माहितीची प्रत अथवा पॅरिटी अनेक डिस्कवर ठेवून एखादी डिस्क निकामी झाली तरी काम अखंड चालावे, हे रेड रचनेचे प्रमुख उद्दिष्ट होय. लिनक्समध्ये ही व्यवस्था 'एमडी' या सॉफ्टवेअरद्वारे राबविता येते. मात्र लेखन चालू असताना वीजपुरवठा खंडित झाल्यास डिस्कमधील माहितीत तफावत निर्माण होते. ती नेमकी कोठे आहे याची नोंद नसल्यास संपूर्ण संचाची पुनर्जुळणी करावी लागते. ४ टीबीच्या दोन डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने जुळविण्यास सात तासांहून अधिक काळ लागतो. रेड ५ मध्ये या काळात एखादी डिस्क निकामी झाल्यास विसंगत पॅरिटीवरून चुकीची माहिती तयार होण्याचा धोका असतो.

कार्यपद्धती :
लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीपासून (२००५) एमडीमध्ये राइट-इंटेंट बिटमॅपची सोय उपलब्ध झाली. यात संचाचे समान विभाग पाडून प्रत्येकासाठी एक बिट राखला जातो. विभागात लेखन करण्यापूर्वी त्याचा बिट १ केला जातो व लेखन सर्व डिस्कवर पूर्ण झाल्यावर काही वेळाने तो पुन्हा ० होतो. वीज गेल्यानंतर केवळ १ असलेले विभाग जुळवावे लागतात. ६४ एमबीचे १०० विभाग प्रलंबित असल्यास वरील वेगाने हे काम एका मिनिटात आटोपते. तात्पुरती निखळलेली डिस्क परत जोडतानाही हाच लाभ मिळतो. 'एमडीएडीएम' या साधनाने चालू संचालाही बिटमॅप जोडता येतो.

मर्यादा :
प्रत्येक नव्या विभागातील लेखनापूर्वी बिटची नोंद करावी लागत असल्याने लेखनाचा वेग काही अंशी घटतो. विभाग मोठे ठेवल्यास हा भार कमी होतो. परंतु पुनर्जुळणीचे काम वाढते. नवी कोरी डिस्क बसविल्यास तिची संपूर्ण उभारणी अटळ असते. शिवाय बिटमॅप लेखनाचे स्थान नोंदवितो, मजकूर नव्हे. त्यामुळे अपुरे राहिलेले लेखन तो परत मिळवून देऊ शकत नाही.

निष्कर्ष :
बिटमॅपमुळे धोक्याचा काळ तासांवरून मिनिटांवर येतो. धोका मात्र नाहीसा होत नाही. म्हणून अखंड वीजपुरवठा व स्वतंत्र बॅकअप यांना तो पूरक आहे, पर्याय नव्हे.