उतारा समजला, तरी सारांशाचं उत्तर का चुकतं? सी-सॅटमधल्या ‘सर्वात योग्य पर्याया’ची गोष्ट

उतारा वाचला. समजलाही. चार पर्याय वाचले, त्यातले दोन चुकीचे आहेत हेही लगेच कळलं. आता उरले दोन. दोन्ही बरोबर वाटतायत. एकावर गोल केला आणि उत्तरतालिका आल्यावर कळलं, बरोबर होता तो दुसरा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवीन नाही. भोसरी, चिंचवड, निगडी, मोशी या भागात तर अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक मोठा वर्ग नोकरी करत परीक्षा देणारा आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून कंपनीत लागलेला, कधी कायम तर बहुतेक वेळा ठेकेदाराकडे. पहिली पाळी संपली की संध्याकाळी अभ्यासिका, तिसरी पाळी असेल तर दुपारी झोपमोड करून पुस्तक. अशा माणसाला गणित जमतं, इतिहास-भूगोल पाठ करून होतो. अडतं ते उताऱ्यांवर. कारण त्याचा ‘पोर्शन’ नसतो आणि नोट्सही नसतात.

पण हे उतारे ऑप्शनला टाकता येत नाहीत.

६६ गुणांचं दार

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर म्हणजे सी-सॅट. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. यातले निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. एमपीएससीने हा पेपर २०१३ पासून आणला. सुरुवातीला त्याचे गुण मेरिटमध्ये धरले जायचे. इंजिनिअरिंगच्या मुलांना याचा फायदा होतो, ग्रामीण आणि कला शाखेच्या मुलांवर अन्याय होतो, अशी तक्रार बरीच वर्षं सुरू होती. शेवटी २०२२ मध्ये आयोगाने तो अर्हताकारी केला, म्हणजे फक्त ३३ टक्के मिळवून पास व्हायचं. मेरिट पहिल्या पेपरवर.

यूपीएससीत हेच आधी घडलं होतं. तिथे सी-सॅट २०११ मध्ये आला, २०१४ मध्ये त्याविरोधात दिल्लीत मोठं आंदोलन झालं आणि २०१५ पासून तो पेपर पात्रतेपुरता उरला. तिथे मराठी मुलांना आणखी एक अडचण आहे. पूर्व परीक्षेचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच येतो, त्यामुळे उतारा आपल्या भाषेत वाचायची सोयच नाही.

‘फक्त पास व्हायचंय’ हे ऐकायला सोपं आहे. आकडेमोड करून बघू. २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. एका प्रश्नाला अडीच गुण. चुकलेल्या उत्तराला पाव हिस्सा वजा, म्हणजे ०.६२५. समजा एखाद्याने ६२ प्रश्न सोडवले, त्यातले ३२ बरोबर आणि ३० चूक. ८० गुणांतून १८.७५ गेले, हातात राहिले ६१.२५. नापास. तेच ३५ बरोबर आणि २७ चूक असते, तर ८७.५ मधून १६.८७५ वजा होऊन ७०.६२५. पास. फरक अवघ्या तीन प्रश्नांचा. आणि या तीन प्रश्नांमुळे पहिल्या पेपरात कितीही चांगले गुण असले तरी ते विचारातच घेतले जात नाहीत. वर्ष गेलं.

हे तीन प्रश्न बऱ्याचदा ‘दोन पर्याय उरले’ या प्रकारातलेच असतात.

शाळेतला सारांश वेगळा, परीक्षेतला वेगळा

शाळेत सारांशलेखन असायचं. उतारा द्यायचा आणि तो साधारण एक तृतीयांश शब्दांत लिहायचा. तिथे वाक्य आपलं असतं. थोडं इकडचं-तिकडचं झालं तरी शिक्षक गुण देतात. परीक्षेत मात्र सारांश दुसऱ्याने लिहिलेला असतो, तोही चार प्रकारे, आणि त्यातले तीन मुद्दाम बिघडवलेले असतात. म्हणजे इथे सारांश लिहिता येणं पुरेसं नाही, बिघाड कुठे आहे हे ओळखावं लागतं. कंपनीत क्वालिटीला काम करणाऱ्याला हे लगेच पटेल. पार्ट बनवणं हे एक काम आणि चार पार्टमधले तीन रिजेक्ट करणं हे दुसरं.

दुसरी गल्लत प्रश्नाच्या शब्दांत होते. ‘योग्य शीर्षक द्या’, ‘मध्यवर्ती कल्पना कोणती’, ‘सारांश कोणता’ आणि ‘कोणता निष्कर्ष काढता येईल’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. शीर्षक विषय सांगतं. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल लेखकाचं म्हणणं. सारांशात ते म्हणणं आणि त्याला आधार देणारा मुख्य मुद्दा, दोन्ही लागतात. निष्कर्ष तर उताऱ्यात थेट लिहिलेलाच नसतो, तो काढावा लागतो. सारांशाच्या प्रश्नाला निष्कर्षाचं उत्तर दिलं की ते उत्तर हुशारीचं वाटतं, पण गुण जातात.

एक उतारा घेऊन बघू

> हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी आल्यावर या परिसरात कारखान्यांना जमीन, पाणी आणि रस्ते तयार मिळू लागले. राज्यभरातून कामगार आले आणि गावांभोवती वस्ती वाढत गेली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. म्हणजे इथे आधी शहर आणि मग उद्योग असा क्रम नव्हता. कारखाने आधी आले, नागरी व्यवस्था त्यांच्या मागून आली. इथल्या रस्ते, पाणी आणि घरांवरचा ताण समजून घेताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

पर्याय असे:

(१) हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि एमआयडीसी यांच्यामुळे पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने व कामगारवस्ती वाढली.

(२) एमआयडीसीने केवळ कारखान्यांकडे लक्ष दिल्यामुळे आज पिंपरी-चिंचवडमध्ये रस्ते, पाणी आणि घरांचा प्रश्न निर्माण झाला आहे.

(३) पिंपरी-चिंचवडमध्ये उद्योग आधी आले आणि नागरी व्यवस्था नंतर उभी राहिली. तिथल्या नागरी सुविधांवरच्या ताणाकडे या क्रमातून पाहायला हवं.

(४) उद्योगांमुळे शहरांवर ताण येत असल्याने नवे कारखाने शहरांपासून दूर असावेत.

चौथा पर्याय बहुतेक जण लगेच काढतात. उतारा एका शहराबद्दल बोलतो, पर्याय सगळ्या शहरांबद्दल. वर सल्लाही देतो, जो लेखकाने दिलेलाच नाही.

पहिला पर्याय जास्त फसवा आहे, कारण त्यात खोटं काहीच नाही. उताऱ्यातली माहिती जशीच्या तशी आहे. पण तो उताऱ्याच्या पहिल्या निम्म्यातच थांबतो. ‘म्हणजे’ या शब्दापासून लेखकाने जे सांगितलं, त्यासाठी तर आधीची सगळी सालं मांडली होती, आणि तेच इथे गायब आहे. खरं असणं आणि सारांश असणं यात फरक आहे. सर्वात जास्त गुण इथेच जातात, कारण पर्याय तपासताना आपण नकळत ‘हे उताऱ्यात आहे का?’ एवढंच विचारतो. आहे, म्हणून गोल करतो. विचारायचं असतं ते असं: हे वाक्य काढून टाकलं तर उतारा उरतो का? कारखाना १९५४ ऐवजी १९६४ ला आला असता, तरी लेखकाचं म्हणणं तसंच राहिलं असतं. म्हणजे ती माहिती आधार आहे, मुद्दा नाही.

दुसऱ्या पर्यायाची गंमत वेगळी. उताऱ्यातले सगळे ओळखीचे शब्द त्यात आहेत. एमआयडीसी, रस्ते, पाणी, घरं. शब्द ओळखीचे दिसले की पर्याय आपला वाटतो. पण उताऱ्याने फक्त क्रम सांगितला होता, पर्यायाने त्या क्रमाचं खापर कुणावर तरी फोडलं. ‘यानंतर हे झालं’ याचं ‘याच्यामुळे हे झालं’ करून टाकणं ही पेपर काढणाऱ्यांची आवडती युक्ती आहे. (व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निम्म्या मेसेजेसची रचनाही हीच असते, पण तो वेगळा विषय.) त्यात ‘केवळ’ हा शब्द बघा. ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात परत जाऊन बघायचं, लेखकानेही तेवढ्याच ठामपणे म्हटलंय का. क्लासमध्ये सरसकट सांगितलं जातं की असा शब्द असेल तर पर्याय चूक. तसं नाही. लेखक स्वतःच टोकाचं बोलत असेल, तर सारांशही टोकाचाच असणार.

उरला तिसरा. त्यात एकही साल नाही, कंपनीचं नाव नाही, म्हणून तो पोकळ वाटू शकतो. पण उताऱ्याच्या दोन्ही भागांना धरून असलेला तोच आहे.

मग करायचं काय?

पर्याय बघण्याआधी उताऱ्याचा एका ओळीचा सारांश मनात करायचा. इतकं साधं. पर्याय आधी वाचले की प्रत्येक पर्याय थोडा थोडा पटायला लागतो, कारण ते पटावेत म्हणूनच लिहिलेले असतात. स्वतःची ओळ हातात असली की तिच्याशी पर्याय जुळवता येतो. ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे सरासरी दीड मिनिट. मनात ओळ करायला दहा-पंधरा सेकंद जातात आणि ती पुढे ‘दोघांतला कुठला’ या घोळात जाणारं मिनिट वाचवतात.

प्रश्न आधी वाचावा की उतारा, यावर अभ्यासिकांमध्ये बराच वाद होतो. प्रश्नावर नजर टाकून सारांश विचारलाय की तपशील, एवढं बघून घेणं फायद्याचं. पर्यायांसकट सगळं आधी वाचून काढणं नाही. ‘सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो’ ही समजूतही डोक्यातून काढलेली बरी.

सरावासाठी वेगळं पुस्तक लागतंच असं नाही. मोशीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पेपरातला अग्रलेख वाचून त्याची एक ओळ करता येते. कंपनीच्या नोटीस बोर्डावरचं पत्रक, भरतीची जाहिरात, शासन निर्णय, काहीही चालतं. शासन निर्णय तर उत्तम, कारण त्यात प्रस्तावना दीड पान असते आणि खरा निर्णय दोन ओळींचा. तो शोधायची सवय परीक्षेबाहेरही कामाला येते. करारावर सही करण्याआधी, उदाहरणार्थ.

ही गरज एकट्या राज्यसेवेची नाही. आयआयएमच्या प्रवेशाच्या ‘कॅट’मध्ये तर छोटा उतारा देऊन त्याचे चार तयार सारांश समोर ठेवतात आणि नेमका निवडायला सांगतात.

आता हा सोडवा

> चाकणची जुनी ओळख दोन गोष्टींची. संग्रामदुर्ग किल्ला आणि कांद्या-बटाट्याचा बाजार. गेल्या काही दशकांत त्यात वाहन कारखान्यांची भर पडली. कारखाने आल्यावर बाजार मागे पडेल, असं अनेकांना वाटत होतं. मात्र मार्केट यार्डात आजही कांद्याची आवक होते आणि त्याच परिसरातून नव्या गाड्या वाहून नेणारे कंटेनर जातात. चाकणला फक्त औद्योगिक गाव समजणारा अर्धंच चाकण पाहतो.

(१) संग्रामदुर्गाच्या लढ्याचा इतिहास हीच चाकणची खरी ओळख आहे.

(२) वाहन कारखाने आल्यामुळे चाकणचा कांद्याचा बाजार मागे पडला.

(३) कांद्याच्या गाड्या आणि कंटेनर एकाच रस्त्यावर आल्याने चाकणमध्ये वाहतूक कोंडी होते.

(४) उद्योग वाढले तरी चाकणचा बाजार टिकून आहे. दोन्ही मिळूनच चाकणची ओळख पूर्ण होते.

उत्तर चौथं. दुसरा पर्याय ‘मात्र’च्या आधीच्या वाक्यातून उचललाय, आणि लेखकाने ‘मात्र’ म्हणून नेमकं तेच खोडलंय. पहिल्यात बाहेरची माहिती घुसते. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेसमोर हा किल्ला जवळपास दोन महिने लढवला, हे इतिहासाचा अभ्यास झालेल्याला माहीत असतं, त्यामुळे ‘लढा’ शब्द बघून त्याचा हात तिकडे जातो. उताऱ्यात लढ्याचा उल्लेखही नाही.

आणि तिसरा पर्याय? पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात रोज अडकणारा माणूस तो शपथेवर खरा सांगेल. पण उताऱ्यात कोंडीबद्दल एक शब्द नाही.